२४ व्होल्टचा मिलिटरी ट्रक, १२ व्होल्टची ट्रॉली: वायरिंग कुठनं सुरू करायचं

आमच्या मामांनी मिलिटरी डिस्पोजलमधली, म्हणजे सैन्यानं वापरून विकायला काढलेली, स्टॅलियन (अशोक लेलँडचा ट्रक) घेतली तेव्हा बघायला आलेल्या सगळ्यांनी इंजिन बघितलं, टायर दाबून बघितले, फोर बाय फोरचा दांडा पडतोय का बघितलं, खरं मागचं ट्रेलरचं सॉकेट कुणीच बघितलं नाही. मी पण नाही. मामांचा मंडप आणि जनरेटरचा धंदा, बेळगावकडच्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसात काम निघालं की पिकअप चिखलात बसतोय आणि मग गावातला ट्रॅक्टर बोलवा, त्याला डिझेल द्या, हे लई झालं म्हणून ट्रक घेतला. जनरेटरची दोन चाकी ट्रॉली आधीपासनंच होती, ती पिकअपला लागायची. मामांचा हिशोब सरळ होता, हुक आहे, सॉकेट आहे, लावायची ट्रॉली आणि निघायचं.

पहिल्या दिवशी ट्रॉलीची वायर ट्रकला जोडून ब्रेक दाबला. मी मागं उभा होतो. दोन्ही ब्रेक लाईट पांढऱ्याफेक पेटल्या, एवढ्या पांढऱ्या की लाल काचेतनं पण गुलाबी दिसल्या, आणि दोन सेकंदात गपगार. मामा केबिनमधनं ओरडले, "लागली काय रे?" मी म्हटलं, "लागली मामा, आणि गेली पण."

ज्यांनी नवीनच असली गाडी घेतलीय किंवा घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी काय शिकलेला इलेक्ट्रिशियन नाही, खरं हे काम दोनदा उसकटून तिसऱ्यांदा नीट केलंय, त्यामुळं कुठं फसायचं ते पक्कं ठाऊक आहे.

आधी घोळ काय आहे तो समजून घ्या

स्टॅलियनसारख्या ट्रकात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागं एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेल्या असतात, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, त्यामुळं गाडीला मिळतात २४. गाडी बंद असताना चांगल्या बॅटऱ्या मीटरवर साधारण २५ दाखवतात आणि इंजिन चालू असताना २८ च्या आसपास. आपले मोठे सिव्हिल ट्रक पण २४ चेच असतात, खरं ट्रॅक्टर, पिकअप, जीप ही सगळी मंडळी १२ ची, आणि आपल्या हिकडच्या ट्रॉल्या ह्यांच्याच मागं लागणार म्हणून त्यांचे बल्ब १२ चे.

१२ व्होल्टचा २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब २४ वर लावला की व्होल्ट दुप्पट, करंट पण वाढतो, म्हणजे ताकद जवळजवळ तिप्पट, २१ च्या जागी ६० च्या आसपास वॅट. फिलामेंट टिकणार कशी. उलटं केलं, २४ चा बल्ब १२ वर लावला, तर जळत नाही खरं काजव्यासारखा लागतो, मागच्याला दिसतच नाही. हे जास्त वाईट, कारण आपल्याला वाटतं लाईट चालू आहे.

मधनं वायर काढू नका

हा भाग मोठा लिहितोय कारण नव्वद टक्के लोक इथंच चुकतात आणि चुकवणारा सल्ला लगेच मिळतो. बल्ब गेल्यावर आम्ही बाजारातल्या एका वायरमनकडं गेलो. त्यानं बॅटरीचा बॉक्स उघडला आणि हसून म्हणाला, एवढंच ना, दोन बॅटऱ्यांच्या मधल्या पट्टीवरनं वायर घेतो, तिथं बरोबर १२ मिळतात, कन्व्हर्टर बिन्व्हर्टर कशाला खर्च करताय. मीटर लावून दाखवलं पण, १२.६. पाच मिनिटात काम झालं, ट्रॉलीच्या लाईटी झकास लागल्या, मामा खूश, मी खूश.

मामा नोकरीभर ईएमईत, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या खात्यात होते, मात्र इंजिन आणि गिअरबॉक्सच्या बाजूला, वायर बघितली की म्हणायचे हे माझं खातं नव्हे.

तीन महिने गाडी बरी चालली. मग सकाळी स्टार्टर जड फिरायला लागला. मग एक दिवस बॅटरीच्या बॉक्समधनं गंधकासारखा कुजका वास यायला लागला. उघडून बघितलं तर एका बॅटरीचं पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं, वरची झाकणं पांढरी झालेली, आणि दुसरी वरनं एकदम स्वच्छ, नवी वाटावी अशी. आम्हाला वाटलं पाणी आटलेली खराब, दुसरी चांगली. तसं नव्हतं, दोन्ही गेलेल्या.

असं का होतं ते नीट बघा. अल्टरनेटरला फक्त बेरीज दिसते. त्यानं २८ दिले, त्या दोन बॅटऱ्या आपापसात वाटून घेतात, आणि दोन्ही सारख्या भरलेल्या असल्या तर १४-१४ वाटणी होते. आता ट्रॉलीच्या लाईटी फक्त खालच्या बॅटरीतनं, म्हणजे जिचा मायनस चॅसीला आहे तिच्यातनं खातायत. ती सतत थोडी उपाशी, तिचे व्होल्ट खाली राहणार, आणि बेरीज २८ पुरी करायची म्हणून उरलेले सगळे वरचीवर चढणार. मी इंजिन चालू ठेवून मोजलं तेव्हा एकीवर १२.६ आणि दुसरीवर १५.३ होते. १५.३ म्हणजे बॅटरी शिजतेय, पाणी उडतंय. आणि १२.६ म्हणजे इंजिन चालू असून पण ती भरतच नाही. एक अजीर्णानं मेली आणि एक उपासमारीनं, आणि डॅशबोर्डचा काटा शेवटपर्यंत बरोबर २८ दाखवत होता.

त्यावर आणखी एक चूक म्हणजे फक्त एकच बॅटरी बदलणं. सिरीजमध्ये जोडी बदलायची ती जोडीनं, एकाच कंपनीची, सारख्याच ॲम्पिअरची, एकाच वेळी घेतलेली. नवी-जुनी जोडी लावली की हीच वाटणीची भांडणं परत सुरू. बॅटरी इक्वलायझर नावाची वस्तू मिळते, ती ही वाटणी सारखी ठेवते, ती लावली तर मधनं वायर काढता येते, खरं नुसत्या लाईटीसाठी तो लांबचा रस्ता आहे.

तुमची ट्रॉली कुठं कुठं लागणार, ते आधी ठरवा

सामान आणायच्या आधी हा एकच प्रश्न स्वतःला विचारा, कारण पुढचं सगळं ह्यावर आहे.

ट्रॉली फक्त ह्याच ट्रकला लागणार असेल तर बाकी काही करू नका, ट्रॉलीतले बल्ब काढून २४ चे टाका. होल्डर तोच राहतो, बल्ब कुठल्याही ट्रकच्या स्पेअरच्या दुकानात मिळतो. काम संपलं, फक्त वायरिंग आणि अर्थिंग, म्हणजे करंट परत न्यायची मायनसची वायर, तपासायचं राहिलं.

ट्रॉली कधी ट्रकला, कधी ट्रॅक्टरला लागणार असेल तर १० ते ३० व्होल्टवर चालणाऱ्या एलईडी लाईटी मिळतात त्या लावा. नवीन ट्रॉली बांधून घेत असाल तर मी डोळे झाकून हेच सांगेन. एकच भानगड, एलईडी करंट इतका कमी खाते की काही फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर मिचकवणाऱ्या डबीला, वाटतं बल्ब उडालाय आणि इंडिकेटर मिचमिच मिचमिच जोरात मारायला लागतो, तेव्हा एलईडीला चालणारा २४ चा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाकायचा. काहीजण जादा करंट खाऊन फ्लॅशरला फसवणारा लोड रेझिस्टर लावतात, तो एवढा तापतो की शेजारची वायर वितळते, मी लावत नाही.

आणि ट्रॉली दोन्हीकडं लागणार, बल्ब साधेच ठेवायचेत, तर २४ चे १२ करणारा डीसी कन्व्हर्टर आणि रिले, म्हणजे बारक्या करंटच्या इशाऱ्यावर दुसरा करंट चालू-बंद करणारा स्विच. मामांनी हे निवडलं. मी एलईडीचं बोललो तर म्हणाले, "कणकुंबीत रात्री ११ ला एलईडी गेली तर कुठनं आणू? बल्ब पिकअपच्या डॅशबोर्डमध्ये चार पडलेत." ह्यावर काय बोलणार. पुढचं सगळं ह्या तिसऱ्या मार्गाचं आहे, खरं तपासणीचा भाग तिघांना पण लागतो.

ट्रॉली आधी एकटी तपासा

ट्रकला हात लावायच्या आधी ट्रॉली एका बाजूला घ्या आणि एक १२ ची बॅटरी आणा, मोटरसायकलची पण चालते. मायनस ट्रॉलीच्या अर्थच्या पिनला आणि प्लसची वायर एकेका पिनला लावत जा. कुठली पिन कुठली लाईट लावते ते वहीत लिहा, डोक्यात ठेवू नका.

सात पिनांच्या १२ व्होल्ट सॉकेटचा एक ठरलेला नियम आहे, १ नंबर डावा इंडिकेटर पिवळी वायर, २ मागचा फॉग निळी, ३ अर्थ पांढरी, ४ उजवा इंडिकेटर हिरवी, ५ उजवी टेल तपकिरी, ६ ब्रेक लाल, ७ डावी टेल काळी. २४ व्होल्टच्या सात पिनांचा नियम वेगळा आहे, त्यात अर्थ १ नंबरला येते, म्हणून सात भोकं दिसली म्हणजे जमलं असं समजू नका. आणि हा नियम कागदावरचा. आपल्याकडच्या ट्रॉलीत बांधणाऱ्याच्या हाताला जी गुंडाळी लागली ती वायर असते, मामांच्या ट्रॉलीत सहाच्या सहा लाल होत्या. म्हणून रंगावर जाऊ नका, बॅटरी लावून बघा.

अर्थची पिन सापडली की तिची वायर हातात धरून शेवटपर्यंत जा. आमच्या ट्रॉलीत ती सॉकेटपासनं वीतभर आली होती आणि चॅसीच्या एका बोल्टला गुंडाळून सोडलेली होती, म्हणजे बाकी सगळा करंट ट्रॉलीच्या लोखंडातनं. बोल्ट काढला तर खाली तांबं हिरवंगार, चिमटीत धरलं की पूड होऊन पडतंय, सहा वायरींतली दोन पण धड नव्हती. ती सगळी फेकून अर्थसाठी ४ स्क्वेअरची (४ चौरस मिलिमीटर जाडीची) एक वायर प्लगपासनं मागच्या दोन्ही लाईटींपर्यंत सलग नेली आणि प्रत्येक होल्डरला तिच्यातनं फांदी दिली.

ट्रकच्या सॉकेटमधनं काय येतं ते शोधा

आता ट्रक. मिलिटरी गाड्यांचं सॉकेट गोल, जाड, झाकणाचं असतं, नाटोच्या पद्धतीचं असेल तर १२ पिनांचं, आणि कुठल्या पिनला काय हे डिस्पोजलच्या गाडीत आधीच्या माणसानं बदललेलं पण असू शकतं. दोन माणसं लागतात, एक केबिनमध्ये, एक मागं.

बॅटरीचा कट-ऑफ स्विच बंद असताना आधी अर्थ शोधा, मीटर ओहमवर ठेवून एक टोक घासून चकचकीत केलेल्या चॅसीला आणि दुसरं एकेका पिनला, जिथं एक ओहमच्या आत दिसेल ती अर्थ असण्याची शक्यता. बल्बांच्या फिलामेंटमधनं पण थोडे ओहम दिसतात, त्यामुळं जवळजवळ शून्यच पाहिजे. मग स्विच चालू करून टेल, डावा, उजवा, ब्रेक एकेक.

इथं नुसत्या मीटरवर विसंबू नका. गंजलेली, एका तारेवर लोंबकळणारी वायर पण मीटरला पूर्ण २४ दाखवते, कारण मीटर करंट घेतच नाही. २४ चा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट दोन वायरी काढून टेस्ट लॅम्प म्हणून वापरा, तो लख्ख लागला तरच ती पिन खरी.

मिलिटरी गाडीचा लाईटचा स्विच आपल्या गाडीसारखा नसतो. त्यात ब्लॅकआउटची एक पोझिशन असते, तिथं हेडलाईट, टेल सगळं बंद होऊन बारक्या झाकलेल्या लाईटी तेवढ्या राहतात, आणि बऱ्याच गाड्यांत त्या पोझिशनला ब्रेक लाईट पण कापलेली असते. मामा सांगतात, रात्रीच्या कॉन्व्हॉयमध्ये पुढच्या गाडीचा पांढरा रंगवलेला डिफरेन्शियल आणि त्यावर पडलेला एक बारका उजेड, एवढंच बघत चालवायचं. ऐकायला भारी वाटतं, खरं पुणे-बेंगळुरू हायवेवर स्विच चुकून तिथं राहिला तर मागचा डंपर सरळ तुमच्या ट्रॉलीत. आम्ही अर्धा तास ब्रेकची पिन शोधत बसलो होतो, मिळेना, शेवटी कळलं की स्विच ब्लॅकआउटवर आहे.

जुन्या, परदेशी बनावटीच्या काही मिलिटरी गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच बल्बातनं देतात. ब्रेक दाबून धरा आणि इंडिकेटर द्या, ब्रेकचीच लाईट मिचकायला लागली तर तुमची गाडी त्यातली, तिला हे दोन वेगळे करणारा आणखी एक मॉड्यूल लागतो, पुढची सरळ रिलेची जोडणी चालणार नाही.

हिशोब आणि सामान

ट्रॉलीवर काय काय आहे ते मांडा. दोन ब्रेक २१-२१ वॅट, दोन टेल ५-५, नंबरप्लेटचा एक ५, आणि दोन्ही इंडिकेटर एकदम लागले तर आणखी २१-२१. झाले ९९ वॅट. १२ ने भागलं की सव्वाआठ ॲम्पिअर. म्हणजे १० चा कन्व्हर्टर पुरला पाहिजे, आम्ही पण तोच आणला, आणि ब्रेक दाबला की सगळ्या लाईटी एकदा मिटून परत लागायच्या. कारण थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स पेटलेल्या फिलामेंटच्या साधारण दहावा हिस्सा असतो, त्यामुळं बल्ब लागताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो, स्वस्तातला कन्व्हर्टर त्याला शॉर्ट समजून बंद पडतो. २० ॲम्पिअरचा घ्या, आणि लेबलवर लिहिलेला आकडा कायम देणारा आहे की फक्त क्षणभर, ते दुकानदाराकडनं वदवून घ्या. आउटपुट १३.८ चा मिळाला तर बरा, इंजिन चालू असलेल्या १२ च्या गाडीत एवढेच असतात आणि बल्ब त्याच हिशोबानं बनवलेले असतात.

बाकी सामान म्हणजे २४ व्होल्ट कॉइलचे चार रिले आणि त्यांचे होल्डर, टेल, ब्रेक, डावा, उजवा असे. एकाच्या जागी चुकून १२ चा रिले आला तर तो चालतो, खरं आठवड्यात कॉइल जळते, अंगावरचा आकडा वाचूनच घ्या. पट्टी फ्यूज, १.५, २.५ आणि ४ स्क्वेअरची ऑटो वायर, घरातल्या फिटिंगची नको, ती हादऱ्यानं तुटते. थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची कडी), ती दाबायची क्रिंपिंगची पकड, स्लीव्ह, पाणी न शिरणारा एक प्लास्टिकचा बॉक्स ग्लँडसकट, म्हणजे वायर आत घ्यायच्या घट्ट तोंडांसकट, आणि १२ चं सात पिनांचं नवीन सॉकेट.

जोडणी

बॅटरी सोडताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. पाना प्लसवर असताना चॅसीला टेकला तर ट्रकची बॅटरी पाना वेल्ड करून टाकते, गंमत नाही.

कन्व्हर्टरला सप्लाय पूर्ण २४ चा द्यायचा, म्हणजे वरच्या बॅटरीच्या प्लसवरनं, मधल्या पट्टीवरनं नव्हे. टर्मिनलपासनं वीतभराच्या आतच १५ ॲम्पिअरचा फ्यूज, कारण फ्यूजच्या आधीच्या वायरीला कुणी वाली नसतो. शक्य असेल तर कट-ऑफ स्विचच्या पुढनं घ्या, कन्व्हर्टर रिकामा बसून पण थोडा करंट खात असतो आणि गाडी पंधरा दिवस उभी राहिली की ते जाणवतं.

कन्व्हर्टर आणि रिलेचा बॉक्स केबिनमध्ये बसवायचा मोह होतो. बसवू नका, मागं चॅसीवर सॉकेटच्या जवळ बसवा. लांबचा प्रवास २४ वर होऊ द्या, तिथं करंट निम्मा असतो, आणि १२ चा टप्पा जेवढा आखूड तेवढं बरं. १.५ स्क्वेअरच्या १० मीटर वायरीत ब्रेकच्या साडेतीन ॲम्पिअरला जाता-जाताच ०.४ व्होल्ट खाल्ले जातात, परतीच्या अर्थचे वेगळे.

ट्रकचं मूळ हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कापू नका. मिलिटरी सॉकेटला बसणारा एक प्लग मिळवा, त्यातनं चार सिग्नलच्या वायरी बॉक्समध्ये आणा. डिस्पोजलच्या सामानात तो प्लग मिळाला नाही तर सॉकेटच्या मागच्या बाजूला थिंबल लावून जोडा, खरं मधनं सोलून गुंडाळी नको.

मग प्रत्येक रिलेला, ८६ वर ट्रककडनं आलेला सिग्नल, ८५ अर्थला, ३० वर कन्व्हर्टरचे १२ फ्यूजमधनं, ८७ वरनं ट्रॉलीच्या सॉकेटला. टेल आणि इंडिकेटरला ५ चा फ्यूज, ब्रेकला ७.५ चा. कॉइलमध्ये डायोड असलेले रिले मिळाले तर त्यात ८५-८६ उलटं चालत नाही, चित्र बघून लावा. ट्रकच्या फ्लॅशरला आता ट्रॉलीचा बल्ब दिसतच नाही, फक्त रिलेची कॉइल दिसते, ती जेमतेम ०.१ ॲम्पिअर, म्हणून मिचकण्याचा वेग बदलत नाही. हा ह्या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा.

त्याची दुसरी बाजू पण आहे. ट्रॉलीचा इंडिकेटर उडाला तरी केबिनमध्ये कळत नाही, उतरून बघावं लागतं.

बॉक्सचे ग्लँड खालच्या बाजूला, आणि प्रत्येक वायरीला आत शिरायच्या आधी खाली झोळ, म्हणजे पाणी झोळावरनं टपकतं, आत जात नाही. आपल्या पश्चिमेच्या पावसाला हे नसेल तर पहिल्याच आषाढात बॉक्समध्ये डबकं होतं. नवीन सॉकेटवर पिवळ्या पेंटनं मोठं १२ लिहा आणि जुन्यावर २४. उद्या तुमच्या गैरहजेरीत ड्रायव्हर लावणार आहे, त्याला हे लेखन कामाला येतं.

लाईटीच ट्रॉलीची अर्थ सांगतात

सगळं जोडलं, ब्रेक दाबला आणि इंडिकेटर मंद झाला, किंवा उजवा दिला तर टेल पण त्याच तालावर मिचकायला लागली, की दुसरं काही शोधू नका, अर्थ गेलीय. परतीचा रस्ता सापडला नाही की करंट दुसऱ्या बल्बाच्या फिलामेंटमधनं शिरून परतायला बघतो, म्हणून नको ते बल्ब अर्धवट लागतात. लोक कन्व्हर्टर बदलतात, रिले बदलतात, आणि दोष त्या एका बोल्टाखाली असतो.

कुणीतरी म्हणेल हुकातनं अर्थ मिळतेच की, लोखंडाला लोखंड. हुकाला ग्रीस असतं, तो सैल असतो, खड्ड्यात कडी उडते आणि त्या क्षणी लाईटी जातात. उभ्या गाडीवर तपासताना सगळं छान दिसतं आणि चालत्या गाडीत लाईटी लपंडाव खेळतात, त्याचं कारण हेच. अर्थची वेगळी वायर प्लगमधनंच गेली पाहिजे.

मोजून बघा. सगळ्या लाईटी लावून मीटरचं एक टोक ट्रॉलीच्या मागच्या होल्डरच्या अर्थला आणि दुसरं ट्रकच्या बॅटरीच्या मायनसला लावा, लांब वायर लागेल. ०.५ च्या आत दिसलं तर चांगलं. आमच्या जुन्या जोडणीत ३.१ होतं, म्हणजे बल्बाला १२ मधले ९ पण धड पोचत नव्हते.

रस्त्यावर नेण्याआधी

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून ट्रॉली कोनात घ्या, मग दुसऱ्या बाजूला, आणि वायर ताणली जात नाही, जमिनीला घासत नाही हे बघा. अर्धा तास सगळ्या लाईटी लावून ठेवा आणि कन्व्हर्टरला हात लावा, गरम असेल खरं हात ठेवता आला पाहिजे. फ्यूज होल्डरला पण हात लावा, तो गरम लागला तर क्रिंप कच्चा आहे. आणि इंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, दोन्हीवर जवळजवळ सारखे व्होल्ट आले पाहिजेत. हे माप महिन्यातनं एकदा घ्यायची सवय लावा.

ब्रेकचं थोडक्यात, मिलिटरी ट्रकच्या मागचे हवेचे कप्लिंग ट्रॉलीला उपयोगाचे नाहीत, झाकणं लावून बंद ठेवा, धूळ जाऊ देऊ नका. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर वजन आणि वेग त्या हिशोबानंच, ह्यात वायरिंग काही करू शकत नाही.

कागदाचं पण बघा. कायद्यानं ट्रेलर ही वेगळी मोटर व्हेईकल धरली जाते, तिचं स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं, ट्रकचा नंबर मागं रंगवून चालत नाही. डिस्पोजलची गाडी आपल्या आरटीओत, बेळगावला केए २२ किंवा चिकोडीला केए २३, रजिस्टर करताना ऑलिव्ह ग्रीन रंग काढावाच लागतो, तो फक्त सैन्याच्या गाड्यांना. आणि हुक किंवा चॅसीत मोठा बदल करणार असाल तर आधी विचारा, मग वेल्डिंगवाल्याकडं जा.

ट्रॉलीच्या मागं लाल रेडियम लावा, भरपूर लावा. उसाच्या सीझनला संकेश्वर-निपाणीकडच्या रस्त्यावर रात्री बिनलाईटीच्या ट्रॉल्या अचानक अंगावर येतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय, आणि आपली लाईट कितीही नीट असली तरी एखाद्या रात्री फ्यूज जातोच.

आमच्या बॉक्सच्या झाकणाला आतनं एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलाय, कुठली वायर कुठं, कुठला फ्यूज कशाचा. अक्षर मामांचं आहे. खाली त्यांनी एक स्पेअर रिले आणि दोन फ्यूज टेपनं चिकटवलेत आणि लिहिलंय, "वापरला तर परत ठेवणे." परवा जांबोटीच्या पुढं ब्रेकचा फ्यूज गेला, ड्रायव्हरनं तिथनं काढून लावला, आणि अजून परत ठेवलेला नाही.